ऑडिओ ट्रॅक क्रमांक दोन

डीव्हीडीच्या मेनूत 'सेटअप' नावाचं एक बटण असायचं. बहुतेकांनी ते कधी दाबलंच नाही. सबटायटल लावायला म्हणून कोणी तिथे गेलाच, तर इंग्लिश, फ्रेंच, स्पॅनिशच्या खाली अजून एक ओळ दिसायची: डायरेक्टर्स कॉमेंटरी. ती निवडली की सिनेमा तोच चालू राहायचा, पण पात्रांचे आवाज मागे जायचे आणि पुढे कोणीतरी दमलेल्या आवाजात सांगू लागायचं की हा शॉट घेतला त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता, लोकेशनचा मालक भांडत होता आणि हिरोला ताप होता.

काही लोकांना याहून कंटाळवाणी गोष्ट सुचू शकत नाही. मला याचं व्यसन आहे आणि ते बरंच जुनं आहे. दोन तासांचा सिनेमा बघून झाला की लगेच परत तोच सिनेमा दोन तास, तोही कोणाची तरी बडबड ऐकत! घरचे यावर काय म्हणतात ते इथे टंकत नाही.

तर इतकी वर्षं ही बडबड ऐकून जे मत बनलंय ते आधीच सांगून टाकतो. बहुतेक कॉमेंटऱ्या वाईट असतात. पण ज्या चांगल्या असतात त्या सिनेमावरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात. आणि आपण त्या जपून ठेवण्याबाबत कमालीचे बेफिकीर आहोत.

आधी वाईटांचा समाचार घेऊ, त्यात जास्त मजा आहे. सगळ्यात जास्त आढळणारी जात म्हणजे शाल-श्रीफळ कॉमेंटरी. पडद्यावर नवीन माणूस आला की दिग्दर्शक सांगणार, हा फार गुणी नट. पुढचा आला की, हिच्याबरोबर काम करणं हा सन्मान. मग कॅमेरामन महान, कपडेपट महान, निर्माता तर देवमाणूस. दोन तास सत्कार समारंभ. दुसरी जात नटमंडळींच्या टोळक्याची. पाच-सहा जण एका खोलीत बसून खिदळत असतात, 'तो दिवस आठवतो का रे' म्हणतात आणि कोणता दिवस ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. दुसऱ्यांच्या सहलीचे फोटो बघावेत तसा हा प्रकार. तिसरी जात मौनीबाबांची. दिग्दर्शक स्वतःचाच सिनेमा बघण्यात गुंगून जातो आणि दहा मिनिटांनी भानावर येऊन 'हां, हे छान जमलंय' एवढं बोलून पुन्हा समाधीत जातो.

आणि चौथी जात, जिचा बादशहा एकच: अरनॉल्ड श्वार्झनेगर. 'टोटल रिकॉल' (१९९०) च्या डीव्हीडीवर तो आणि दिग्दर्शक पॉल व्हरहोवन अशी जोडी आहे. अरनॉल्ड काय करतो, तर पडद्यावर जे चाललंय तेच सांगतो. आता मी आत येतोय, आता ते मला पकडताहेत, आता मी चिडलोय, अशा धाटणीचं. 'कोनन द बार्बेरियन' (१९८२) वर दिग्दर्शक जॉन मिलियसच्या जोडीला बसूनही तेच. अरे बाबा, दिसतंय आम्हाला!

आपल्याकडे कॉमेंटरीला समालोचन म्हणतात आणि तो शब्द क्रिकेटमुळे रुळला. बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून समालोचन करायचे तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. त्यामुळे चेंडू कुठे गेला हे सांगणं हेच काम होतं. सिनेमाच्या कॉमेंटरीत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र हलत असतं. तिथे धावतं वर्णन म्हणजे शुद्ध विनोद. (आणि खरं सांगायचं तर 'कोनन'ची कॉमेंटरी मी दोनदा ऐकली आहे. दोन जुने दोस्त इतक्या मजेत बोलतात की चुकीचं काम करूनही ती आवडते. असो.)

माझ्या धंद्यात याला अगदी चपखल जोड आहे. नवीन पोरं कोडमध्ये कॉमेंट लिहितात: 'इथे काउंटर एकने वाढवला.' तो वाढवलाय हे खालच्या ओळीत दिसतंय की. का वाढवला ते सांग! दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली 'ही ओळ निरुपयोगी वाटेल पण काढू नका, महिनाअखेरीस बिलिंग कोलमडतं' अशी एक कॉमेंट सापडली की त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटतात. कोड 'काय' ते सांगतो, कॉमेंटने 'का' ते सांगायचं असतं. सिनेमाचंही हेच. पडदा काय ते सांगतो आहेच. कॅमेरा इथेच का ठेवला, हा सीन आधी कुठे होता, काय करून बघितलं आणि फसलं, पैसे कुठे संपले, हे पडदा कधीच सांगत नाही.

गंमत म्हणजे 'टोटल रिकॉल'च्या त्याच ट्रॅकवर दुसरा माणूस नेमकं हेच करतो. नायकाला मंगळावर जे घडतं ते खरं की त्याला विकलेलं स्वप्न, हा त्या सिनेमाचा गाभा. व्हरहोवन समजावून सांगतो की दोन्ही अर्थ शेवटपर्यंत टिकावेत म्हणून काय काय रचलं, आणि शेवटी पडदा काळा न होता पांढरा होत जातो तो का. म्हणजे एकाच ट्रॅकवर वाईट कॉमेंटरी आणि उत्तम कॉमेंटरी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या आहेत. हा विषय शिकवायला याहून सोयीचं उदाहरण मिळणार नाही.

आता चांगल्यांकडे. कोणाला सुरुवात करायची असेल तर मी डोळे झाकून 'सिटिझन केन' (१९४१) वरची रॉजर ईबर्टची कॉमेंटरी सुचवतो. ईबर्ट हा समीक्षक, त्याचा त्या सिनेमाच्या निर्मितीशी काडीचा संबंध नाही. पण तो वर्षानुवर्षं लोकांसमोर सिनेमे शॉट-शॉट थांबवून त्यावर बोलत आला होता. (आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर 'पथेर पांचाली' असाच सोलून शिकवायचे.) 'केन'मध्ये खोल्यांची छतं दिसतात. स्टुडिओत सेटला छत नसतं, वर दिवे आणि माइक असतात. मग ही छतं आली कुठून? तर ती मलमलीची आहेत, ताणून बसवलेली, आणि माइक त्या कापडाच्या वर लपवलेत. किंवा सुझनने विष घेतल्याचा तो सीन: अगदी पुढे औषधाचा ग्लास, मध्ये ती, दूरवर दार फोडून आत येणारा केन, आणि पुढचा ग्लास व मागचं दार दोन्ही लख्ख स्पष्ट. आपण म्हणतो वा, काय डीप फोकस! ईबर्ट सांगतो की ती फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळून दोनदा एक्स्पोज केलीय. हे कळल्यावर सिनेमाची जादू जाते असं म्हणणारे लोक आहेत. माझी जादू दुप्पट झाली.

दुसरं नाव रॉबर्ट रॉड्रिगेझ, 'एल मारियाची' (१९९२). साधारण ७,००० डॉलरमध्ये काढलेला सिनेमा. त्यातले बरेच पैसे या पठ्ठ्याने औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर भाड्याने देऊन उभे केले. कॉमेंटरीत तो भरधाव बोलतो आणि एकही वाक्य वाया घालवत नाही. ट्रॉली नव्हती म्हणून व्हीलचेअरमध्ये बसून कॅमेरा धरला. शूटिंगच्या वेळी आवाज घेतलाच नाही, सीन झाल्यावर नटांना टेपरेकॉर्डरसमोर संवाद म्हणायला लावले आणि एडिटिंगला बसल्यावर ते जुळवले. जिथे ओठ जुळेनात तिथे तो कट मारून कुत्र्याकडे नाहीतर दुसऱ्या नटाच्या चेहऱ्याकडे गेला, आणि लोक म्हणाले काय वेगवान एडिटिंग आहे! बंदुका खोट्या गोळ्यांनी एका बारानंतर अडकायच्या, म्हणून एकेक बार वेगवेगळ्या कोनांतून घेऊन नंतर मशीनगनचा आवाज चढवला. तुटपुंज्या हार्डवेअरवर सिस्टिम उभी करणाऱ्या कोणालाही हे ऐकताना गहिवरून येईल.

वर्नर हर्झॉगचं वेगळंच. 'अगिरे, द रॉथ ऑफ गॉड' (१९७२) च्या कॉमेंटरीत त्याच्याबरोबर प्रश्न विचारायला एक माणूस बसवलाय, आणि हे फार शहाणपणाचं आहे. एकटा दिग्दर्शक भरकटतो किंवा झोपतो, समोर कोणी 'मग पुढे?' म्हणणारा असला की बोलता राहतो. शेवटच्या प्रसंगात तराफ्यावर माकडांचा जो सुळसुळाट आहे, त्या माकडांची कथा हर्झॉग सांगतो ती अशी: त्याने अर्धे पैसे आगाऊ देऊन ठेवले होते, पण विकणाऱ्याने ती परस्पर दुसऱ्याला विकली आणि ती विमानात चढून अमेरिकेला निघाली होती. हा विमानतळावर धावला, आपण पशुवैद्य असल्याचं बेधडक सांगून लसीकरणाची कागदपत्रं मागितली, ती अर्थातच नव्हती, आणि माकडं ताब्यात घेतली! यातलं शंभर टक्के किती घ्यायचं हा प्रश्न ज्याचा त्याचा. पण त्या संथ, गंभीर जर्मन उच्चारांत ऐकताना शंका घ्यायचं धाडस होत नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीवर चार कॉमेंटऱ्या आहेत. सिनेमा २०८ मिनिटांचा, म्हणजे सगळं ऐकायचं तर जवळजवळ चौदा तास. मी ऐकल्या. नटांची सोडली तरी चालेल, पण डिझाइनवाल्यांची सोडू नका. प्लॅस्टिकच्या पाइपाच्या चकत्या कापून, त्यांच्या कड्या एकेक करून हाताने जोडून चिलखतं बनवणाऱ्या लोकांना दुसरं कोण बोलायला बोलावणार? पुरस्कार सोहळ्यात त्यांना पंचेचाळीस सेकंदही मिळत नाहीत.

पण माझी सगळ्यात लाडकी कॉमेंटरी म्हणजे एक भांडण आहे. 'द लाइमी' (१९९९). दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि पटकथाकार लेम डॉब्स. डॉब्सचा राग असा की पात्रांना त्याने लिहिलेला भूतकाळ, संदर्भ, सगळं कापून सोडरबर्गने नुसता सांगाडा ठेवला. आणि तो हे दिग्दर्शकाच्या तोंडावर, सिनेमा चालू असताना, सीनगणिक सुनावतो. सोडरबर्ग चिडत नाही. काही ठिकाणी मान्य करतो, काही ठिकाणी कापलं का ते सांगतो. ऐकताना आपण सारखे बाजू बदलत राहतो. सिनेमा कागदावरून पडद्यावर जाताना काय गळतं आणि ते गळायला हवं होतं का, यावर इतकं जिवंत मी दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. डिझाइन रिव्ह्यूमध्ये इतक्या मोकळेपणी कोणी बोललं असतं तर माझे अर्धे प्रोजेक्ट वाचले असते :)

थापाड्या कॉमेंटऱ्यांचाही एक वर्ग आहे, तो पटकन उरकतो. 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) च्या २००० सालच्या डीव्हीडीवर तिघं नट त्या काल्पनिक बँडच्या भूमिकेतच राहून दिग्दर्शकाने आपली कशी बदनामी केली याची तक्रार करत बसतात. कोएन बंधूंनी 'ब्लड सिंपल' (१९८४) साठी केनेथ लोरिंग नावाचा एक तज्ज्ञच पैदा केला. हा गृहस्थ अस्तित्वात नाही, एक नट कोएननी लिहून दिलेलं वाचतो आणि कुत्रा यांत्रिक आहे वगैरे वाटेल ते शांतपणे ठोकून देतो. शाल-श्रीफळवाल्यांची इतकी सभ्य टर कोणी उडवलेली नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं? १९८४ साली क्रायटेरियन कंपनीने 'किंग काँग' (१९३३) लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्कला आवाजाचे दोन चॅनल, आणि सिनेमा जुना, मोनो. म्हणजे एक चॅनल रिकामा. त्यावर लॉस एंजेलिसच्या म्युझियममधला रॉनल्ड हॅव्हर हा सिनेमाचा जाणकार बोलला. बस, एवढंच. रिकामी जागा दिसली म्हणून कोणीतरी काहीतरी भरलं, आणि एक नवा प्रकार जन्माला आला. सगळ्या चांगल्या गोष्टी अशाच होतात असं माझं जुनं मत आहे. पुढे क्रायटेरियननेच जेम्स बाँडच्या पहिल्या तीन सिनेमांच्या लेझरडिस्कवर कॉमेंटऱ्या घातल्या. त्या इतक्या मोकळ्या होत्या की हक्कधारकांच्या आक्षेपानंतर डिस्क मागे घ्याव्या लागल्या. 'यातील मतं व्यक्तिगत आहेत' ही जी पाटी डीव्हीडीच्या सुरुवातीला यायची, ती बघितली की मला तो किस्सा आठवतो.

डीव्हीडीत तर जागाच जागा. आठ ऑडिओ ट्रॅकची सोय. साधा स्टीरिओ ट्रॅक १९२ केबीपीएसने धरला तर दोन तासांचे १७३ एमबी होतात. साडेआठ जीबीच्या डिस्कमध्ये फक्त दोन टक्के! म्हणजे खर्च काय, तर एक खोली, एक माइक आणि एक दुपार.

आणि आता मुद्द्याचं. आज आपण सिनेमा बघतो तो स्ट्रीमिंगवर. तिथे एका सिनेमाला सहा-सहा भाषांचे ऑडिओ ट्रॅक असतात, अंधांसाठी वर्णनाचा वेगळा ट्रॅक असतो (ती खरंच चांगली गोष्ट आहे). म्हणजे यंत्रणा तयार आहे. तरी कॉमेंटरी जवळजवळ कुठेच नाही. सिनेमाचे हक्क विकले जातात, पण डिस्कवरचा बाकीचा ऐवज त्यासोबत येत नाही. क्रायटेरियनची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा २०१९ पासून आहे आणि तीवर कॉमेंटऱ्या मिळतात, पण ती अमेरिका आणि कॅनडापुरती. नेटफ्लिक्सने पोस्टाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद केलं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. जे डिस्कवर आहे ते डिस्कबरोबर जाणार.

'जाऊ दे, बडबडच तर होती' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००६ साली कॅन्सरच्या शस्त्रक्रियांनंतर रॉजर ईबर्टचा आवाज कायमचा गेला. तो संगणकाच्या आवाजात बोलू लागला. मग एडिनबरोच्या सेरेप्रॉक कंपनीने त्याच्या स्वतःच्या आवाजाचा स्पीच इंजिनसाठी नमुना बनवायचं ठरवलं. त्यासाठी लागतं ते तासन् तास स्वच्छ रेकॉर्डिंग, एकाच माणसाचं, मध्ये दुसरा कोणी बोलत नाही असं. टीव्हीवर ईबर्टने आयुष्य काढलं, पण तिथे कायम दोघंजण एकमेकांना तोडत बोलायचे. कामी आल्या त्या डीव्हीडी कॉमेंटऱ्या. 'सिटिझन केन', 'कॅसाब्लांका' यांच्यासाठी एकट्याने माइकसमोर बसून केलेलं मूळ रेकॉर्डिंग. मार्च २०१० मध्ये ओप्राच्या कार्यक्रमात त्याने टाइप केलं आणि यंत्रातून त्याच्या आवाजासारखा आवाज आला. ते बघताना त्याच्या बायकोचे डोळे भरून आले होते. २०१३ साली तो गेला. 'केन' लावा, तो अजून मलमलीच्या छताबद्दल तितक्याच उत्साहाने सांगतोय.

मराठी सिनेमाच्या वाट्याला हे काही आलं नाही. डीव्हीडीचा जमाना आपल्याकडेही आला, पण आला तो एका डिस्कवर तीन सिनेमे कोंबून, मेनूत अर्धा तास गाण्यांची यादी आणि कंपनीच्या इतर सिनेमांच्या जाहिराती देत. त्या दोन टक्क्यांत काही भरावं असं फारसं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता हिशेब बघा. 'सिंहासन' १९७९ चा. २००५ साली, डीव्हीडी ऐन भरात असताना, ज्यांच्या कादंबऱ्यांवरून तो निघाला ते अरुण साधू होते. पटकथा लिहिणारे विजय तेंडुलकर होते. डॉ. श्रीराम लागू होते, निळू फुले होते, दिग्दर्शक जब्बार पटेल होते. पाच माणसं, एक खोली, एक दुपार. शेवटी दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसणं कागदावर किती होतं आणि निळूभाऊंनी किती आणलं? दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी काय टाकलं आणि ते साधूंना पटलं होतं का? तेंडुलकर आणि साधू यांच्यात 'लाइमी'सारखं भांडण झालं असतं की नाही, कुणास ठाऊक. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, निळूभाऊ २००९ मध्ये, साधू २०१७ मध्ये, लागू २०१९ मध्ये. तुकड्या-तुकड्यांनी मुलाखती आहेत, आत्मचरित्रं आहेत. पण सिनेमा समोर हलताना, त्या त्या चेहऱ्याकडे बघत, अचानक आठवलेलं असं जे असतं ते मुलाखतीत येत नाही.

बरं, यासाठी आता डिस्कही लागत नाही आणि कोणाची परवानगीही. रायन जॉन्सनने 'लूपर' (२०१२) आणि 'नाइव्ह्ज आउट' (२०१९) च्या वेळी कॉमेंटरीची फक्त ऑडिओ फाइल डाउनलोडला ठेवली होती. थिएटरात दुसऱ्यांदा जाल तेव्हा कानाला लावून या, म्हणाला. सिनेमाला हातच लावायचा नाही, त्यामुळे हक्कांचा प्रश्न येत नाही. नुसतं बोलणं ६४ केबीपीएसवर मावतं, दोन तासांची फाइल साठ एमबीच्या आत. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कॅमेरामन, एडिटर, साउंडवाले, ज्यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही, असे कोणी तुमच्या ओळखीत असतील तर त्यांच्या घरी एका रविवारी जा. टीव्हीवर त्यांचा सिनेमा लावा, आवाज बारीक ठेवा आणि फोन मधल्या टीपॉयवर रेकॉर्डिंगला टाका. ते अडले की 'मग पुढे?' म्हणा. आणि सुरुवातीला ऐकणाऱ्यासाठी एवढंच सांगून ठेवा: सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावरून गेलं की प्ले दाबा.